पाच घरांचे रिव्हॉल्व्हर

हार्टफर्ड येथील कोल्टच्या कारखान्याने १८७३ साली अमेरिकी सैन्यासाठी जे रिव्हॉल्व्हर सिद्ध केले, त्याच्या चक्रात सहा घरे होती. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत त्या रिव्हॉल्व्हरच्या अगणित नकला निघाल्या, महायुद्धे होऊन गेली, पोलादाची जात सुधारली, काळी दारू जाऊन धूररहित दारू आली. तरी मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरला सहा घरे असावयाचीच, हा संकेत कोणाच्या मनातून हलला नाही. वास्तविक सॅम्युएल कोल्टने १८३६ साली पेटंट घेऊन जी पहिली रिव्हॉल्व्हरे विकली ती पाच बारांचीच होती. पण त्या गोष्टीचा लोकांस विसर पडला होता. ज्या मोजक्या कारागिरांनी ती निराळ्या कारणाने पुन्हा आठवून दिली, त्यांची, आणि त्यांच्या विद्येतून निपजलेल्या एका हत्याराच्या खरेदीची व ते चालवण्याची ही हकिकत आहे.

कारण समजून घ्यायचे तर चक्राच्या रचनेत थोडे शिरावे लागते. रिव्हॉल्व्हरचे चक्र म्हणजे पोलादाचा एक आखूड दंडगोल. त्यात काडतुसांसाठी घरे कोरलेली असतात, आणि दर वेळी घोडा मागे ओढला की चक्र एक घर पुढे सरकून नळीच्या समोर येते व तेथे खालून वर येणारी एक खिट्टी त्यास घट्ट धरते. ती खिट्टी बसावी म्हणून चक्राच्या पाठीवर जितकी घरे तितक्या खाचा पाडाव्या लागतात. आता .४५ कोल्टचे काडतूस जवळपास अर्धा इंच जाड. तशी सहा घरे एका चक्रात कोंबली की घराघरांमधली भिंत पातळ होते, बाहेरची भिंतही पातळ होते, आणि त्या बाहेरच्या भिंतीत, जेथे ती सर्वांत नाजूक तेथेच, घराच्या ऐन माथ्यावर खाच येते. चाळीस ग्रेन काळी दारू आणि २५५ ग्रेन शिसे एवढ्या मूळ भरतीला हे सर्व पुरेसे होते. आजही त्या काडतुसाच्या कारखानी भरतीस दर चौरस इंचास चौदा हजार पौंडांच्या दाबाचीच मर्यादा आहे. पण ज्याला त्याच हत्याराकडून एल्क किंवा अस्वल पाडण्याचे काम घ्यायचे आहे, त्याच्या वाटेत ती खाच उभी राहते. घरे पाचच ठेवली तर भिंती जाड होतात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खाचा घरांवर न येता दोन घरांच्या मधल्या भरीव पोलादावर येतात. एक बार सोडून द्यायचा आणि त्याच्या मोबदल्यात बाकीच्या पाचांना बळ द्यायचे, एवढाच हा सौदा. परंतु तो सुचण्यापूर्वी बरीच रिव्हॉल्व्हरे फुटावी लागली.

त्यांतले सर्वांत प्रसिद्ध फुटलेले रिव्हॉल्व्हर एल्मर कीथ यांचे. मिसुरीत १८९९ साली जन्मलेला, लहानपणी एका वसतिगृहाच्या आगीत होरपळून हात वाकडा झालेला, तरुणपणी गुराखी, पुढे शिकाऱ्यांचा वाटाड्या आणि अखेर आयडाहोतल्या सॅमन या डोंगरी गावी स्थायिक झालेला हा गृहस्थ अमेरिकेतील पिस्तूल-वाङ्मयाचा जवळजवळ कुलपुरुषच मानला जातो. भली मोठी टोपी, तोंडात चिरूट आणि लेखणीला विरामचिन्हांची फारशी चाड नाही, असे त्यांचे रूप. १९२५ च्या जुलैत, स्वातंत्र्यदिनाच्या आनंदात बार काढताना, त्यांच्या जुन्या .४५ च्या चक्राचा वरचा भाग उडून गेला. दुसऱ्या कोणी त्यानंतर जड भरतीचा नाद सोडला असता, कीथ यांनी .४५ सोडून .४४ स्पेशल धरले, कारण तेवढ्याच आकाराच्या चक्रात थोडे बारीक काडतूस बसवले की भिंत तेवढीच जाड राहते. २५० ग्रेनची सपाट नाकाची गोळी सेकंदास सुमारे बाराशे फूट वेगाने टाकणारी भरती त्यांनी बसवली, तीन-चार कारागिरांच्या हातून आपल्या मनासारखे एक रिव्हॉल्व्हर घडवून घेऊन त्यावर १९२९ च्या एप्रिलात ‘अमेरिकन रायफलमन’मध्ये लेख लिहिला, आणि मग पाव शतकाहून अधिक काळ कारखानदारांमागे लकडा लावला. १९५५ अखेर स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी मिळून .४४ मॅग्नम काढले, ते या हट्टाचे फळ. त्या हत्याराचे नाव पुढे १९७१ च्या एका चित्रपटाने घरोघर पोचवले. कीथ यांचे नाव मात्र शिकाऱ्यांच्या कोंडाळ्यापुरतेच राहिले, याचे मला नवल वाटते आणि थोडे वाईटही वाटते.

कीथ यांनी अडचणीला वळसा घातला. सरळ अडचणीवर चालून गेले ते युटा संस्थानातील डिक कसल. .४५ कोल्टच्याच काडतुसात आपण हवा तो वेग आणू, या ईर्ष्येने त्यांनी १९५० च्या दशकात एकाच काडतुसात तीन जातींच्या दारूचे थर भरण्यापर्यंत मजल मारली, हत्यारे फोडली, आणि शेवटी उत्तम पोलादाचे, विशेष पाणी दिलेले पाच घरांचे चक्र घडवून .४५४ कसल हे काडतूस सिद्ध केले. त्याचा दाब पासष्ट हजार पौंडांपर्यंत जातो; .४४ मॅग्नमचा छत्तीस हजार. विद्या तयार होती, परंतु ती बाजारात येण्यास १९८३ साल उजाडावे लागले; वायोमिंगमधील फ्रीडम नावाच्या खेड्यात फ्रीडम आर्म्स या छोट्या कारखान्याने त्या वर्षी पहिले पाच घरांचे .४५४ विकले.

तिसरे नाव जॉन लाइनबॉ यांचे, आणि माझ्या लेखी या तिघांत तेच खरे शिल्पकार. वायोमिंगमध्ये कोडी या गावी त्यांचे काम चाले. यलोस्टोनच्या पूर्व वाटेवरचे, बफेलो बिलने वसवलेले हे गाव. बंदुकांचे एक मोठे संग्रहालयही तेथे आहे. लाइनबॉ यांचा विचार कसल यांच्याहून निराळा होता. दाब वाढवून वेग मिळवण्याऐवजी गोळीच रुंद आणि जड करावी, वेग माफक ठेवावा, म्हणजे हत्यार आणि हात दोहोंवरही जुलूम कमी होतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी .३४८ विंचेस्टर या जुन्या रायफलीचे पितळी काडतूस कापून १.४ इंच लांबीचे केले, त्याचे तोंड अर्ध्या इंचापर्यंत रुंद ठेवले आणि १९८६ च्या सुमारास .५०० लाइनबॉ अस्तित्वात आले. रॉस सेफ्रिड या नेमबाजीच्या जगज्जेत्याने ‘गन्स अँड अॅमो’ मासिकात त्याचा गौरव केल्यावर देशभर त्याचा बोलबाला झाला. पण .३४८ ची रायफल विंचेस्टरने १९५८ च्या सुमारास बंद केलेली, तेव्हा पितळ मिळणे दुरापास्त. म्हणून लाइनबॉ यांनी अमेरिकी सैन्याचे १८७३ चे .४५-७० हे काडतूस घेतले, ज्याचे पितळ कोठल्याही दुकानात मिळे, ते तसेच कापून .४७५ लाइनबॉ बनवले, आणि ते १९८८ मध्ये पुढे आले. .५०० ची ४३५ ग्रेनची एक गोळी म्हणजे जवळजवळ अडीच तोळे शिसे. ते सेकंदास तेराशे फूट वेगाने हातातून सुटते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुढचे वर्णन अतिशयोक्तीचे वाटणार नाही.

असले रिव्हॉल्व्हर शून्यातून घडत नाही. बहुधा कनेटिकटच्या स्टर्म-रुगर कंपनीचे साधे ब्लॅकहॉक किंवा बिस्ली आणावयाचे, त्याचे सहा घरांचे चक्र काढून टाकावयाचे, आणि सांगाड्याच्या खिडकीत मावेल तेवढे मोठे नवे चक्र बसवावयाचे. हे वाक्य लिहिणे सोपे आहे. सहा घरांत चक्र दर वेळी साठ अंश फिरते, पाचांत बहात्तर. म्हणजे चक्राला ढकलणारे बोट, चक्राच्या पाठीचे दाते, खिट्टीची वेळ, सारेच नव्याने बसवावे लागते. त्याहून कठीण काम घरे कोरण्याचे. कुशल कारागीर चक्र सांगाड्यात बसवून, खिट्टीने अडकवून, मग नळीच्या बाजूने मार्गदर्शक आत घालून एकेक घर कोरतो, म्हणजे प्रत्येक घर नळीशी एका रेषेत येते. कारखान्यात हजारो चक्रे एका साच्यावर कोरली जातात तेव्हा ही रुजवात शक्य नसते. चक्र आणि नळी यांमधली फट दोन-तीन सहस्रांश इंचांची ठेवतात. त्याखेरीज चक्राचा आस जाड करावा लागतो, कारण मूळचा आस जबर धक्क्याने पुढे सरकून बाहेर येऊ पाहतो. आणि रिकामी काडतुसे ढकलणाऱ्या दांडीचे कवच एका बारीक मळसूत्राने धरलेले असते, ते तर अशा भरतीने अक्षरशः उडून जाते, म्हणून तेही मजबूत करतात. टेनेसीतील हॅमिल्टन बोवेन यांनी या साऱ्या विद्येवर ‘द कस्टम रिव्हॉल्व्हर’ हा ग्रंथच लिहिला आहे. ज्यांना पोलादात रस आहे त्यांनी तो अवश्य चाळावा. या कामाची किंमत मूळ रिव्हॉल्व्हरच्या कित्येक पटीने असते, आणि नामांकित कारागिराकडे आपला क्रम लागण्यास वर्षांची प्रतीक्षा करावी लागते. म्हणून पुष्कळ लोक जुने, कोणी तरी घडवून घेतलेले हत्यार शोधतात.

माझे एक स्नेही मूळचे साताऱ्याचे. आयडाहोची राजधानी बोइसी येथे ते बरीच वर्षे अभियंता आहेत. त्यांनी असेच एक .४७५ विकत घेतले: रुगर बिस्लीवर बांधलेले, साडेपाच इंच नळीचे, माँटानातील एका वृद्ध शिकाऱ्याचे. मराठी माणूस अशा वेळी प्रथम विचारतो की परवान्याचे काय. आपल्याकडे १८७८ च्या इंग्रजी कायद्याने हत्यार हा सरकारच्या मेहेरबानीचा विषय झाला, १९५९ च्या स्वदेशी कायद्यानेही तो तसाच राहिला, आणि आजही निवडणूक जाहीर झाली की शेतकऱ्याची बारा बोअरची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते. आयडाहोत खरेदीला परवाना लागत नाही, पण तेथे कायदाच नाही असा आपल्याकडचा समज मात्र खोटा आहे. १९६८ च्या मध्यवर्ती कायद्याप्रमाणे एका संस्थानातील इसमाला दुसऱ्या संस्थानातील इसमास पिस्तूल परस्पर विकता येत नाही. ते खरेदीदाराच्या गावच्या परवानाधारक दुकानदाराकडे धाडावे लागते, आणि खाजगी माणसाने ते टपालाने पाठवण्यास तर १९२७ मध्येच मनाई झाली. दुकानदारासमोर ४४७३ क्रमांकाचा तक्ता भरावयाचा, गुन्हा, वेड, व्यसन, परागंदा असणे यांबद्दलच्या प्रश्नांस सहीनिशी उत्तरे द्यावयाची, मग दुकानदार मध्यवर्ती दप्तराकडे विचारणा करतो; १९९८ पासूनची ही पद्धत. हरकत नसेल तर बहुधा काही मिनिटांत जबाब येतो. आपल्या मुलांसाठी येथे एक कलम मुद्दाम सांगण्याजोगे आहे: नोकरीच्या किंवा पर्यटनाच्या तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या परदेशी माणसास हत्यार वा काडतूस जवळ बाळगणे हाच तेथे गुन्हा आहे, मात्र त्याच्याकडे एखाद्या संस्थानाचा शिकारीचा परवाना असेल तर ही मनाई त्यास लागू होत नाही. त्यामुळे ज्याने आयुष्यात ससाही मारला नाही असा पुण्याचा संगणक-अभियंता शिकारीचा परवाना खिशात घेऊन नेमबाजीला जातो. पाहुण्याने हत्यार नुसते हातात धरणे हाही ताबाच ठरू शकतो, म्हणून मीही तसा परवाना काढला.

पार्सल उघडले तेव्हा मी दुकानात हजर होतो. फळीवर तेलाचा वास सुटलेला, दुकानदाराने हत्यार उघडून रिकामे असल्याची खात्री करून माझ्या स्नेह्यांच्या हाती दिले, आणि पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी ज्या पद्धतीने त्याची तपासणी केली ती पाहून गुरांच्या बाजारातला जाणता शेतकरीही खूश झाला असता. प्रथम त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने चक्रावर हलकासा दाब देऊन घोडा अगदी सावकाश मागे ओढला: घोडा पुरता चढण्यापूर्वी खिट्टी खाचेत ‘टक्’ करून बसली पाहिजे, पाचही घरांना तोच आवाज, त्याच वेळी. मग चक्र पुढे-मागे हलवून पाहिले. हलू नये, हलले नाही. मग जाडी मोजण्याच्या पोलादी पट्ट्या फटीत घातल्या. दोन सहस्रांशांची गेली, तीनची अडली. सांगाड्याच्या वरच्या पट्टीवर, फटीच्या ऐन वर, तप्त वायूने कोरलेली बारीक रेघ होती, ती पाहून ते म्हणाले, “वापरलंय, पण जपून वापरलंय.” विक्रेत्याने सोबत कारागिराचे जुने पत्र आणि एक वही पाठवली होती; वहीत कोठली गोळी, किती दारू, किती पितळ किती वेळा वापरले, सारे टिपलेले. मला विचाराल तर त्या वहीसाठी त्यांनी वेगळे पैसे द्यावयास हरकत नव्हती.

या काडतुसांची तयार खोकी महाग आणि क्वचित मिळणारी. म्हणून असले रिव्हॉल्व्हर बाळगणारा माणूस बहुधा स्वतःच काडतुसे भरतो. त्यात कंजुषी आणि हावरेपणा दोन्ही वर्ज्य. एच-११० नावाची जी मंद जळणारी दारू जड भरतीस वापरतात, ती जास्त भरली तर धोका हे उघडच आहे, पण कमी भरली तरी ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीत अडकू शकते, म्हणून ती फार उतरवू नये असे दारूवाल्यांनीच बजावून ठेवले आहे. हलक्या भरतीस दुसरी दारू घ्यावी लागते. शिवाय काडतुसाची कड गोळीवर घट्ट आवळावी लागते. याचे कारण मला माळावर गेल्यावर दिसले. पहिले बार झाले की चक्रात उरलेल्या काडतुसांना प्रत्येक वेळी मागे हिसका बसतो; पितळ मागे जाते, गोळी जडत्वाने जागीच राहू पाहते, आणि आवळणी सैल असेल तर ती इंचाच्या अंशाअंशाने पुढे सरकते. शेवटी तिचे नाक चक्राबाहेर आले की चक्र फिरायचेच थांबते. अस्वल समोर असताना हे होणे म्हणजे काय, ते सांगावयास नको. स्नेही दर काही बारांनी उरलेले काडतूस काढून मोजपट्टीने त्याची लांबी तपासत, आणि वहीत लिहीत.

बोइसीच्या दक्षिणेस सरकारी मालकीचे ओसाड माळ आहेत. सेजची करडी झुडुपे, वारा, आणि मागे मातीचा उंच बांध असेल अशी जागा शोधली की झाले. कानांत मेणाचे बोळे आणि वर कर्णरक्षक, डोळ्यांस चष्मा. त्यांनी मला प्रथम .४५ कोल्टचे जुन्या, सौम्य भरतीचे रिव्हॉल्व्हर दिले; दहा-बारा यार्डांवरच्या कागदावर हात स्थिरावला तेव्हा .४७५ हाती आले. पहिली भरती हलकी, ४२० ग्रेनची गोळी सेकंदास साडेनऊशे फुटांची. अंगठ्याने घोडा ओढला की चारही खटके हाताला जाणवतात असे कोल्टचे जुने लोक सांगतात. रुगरमध्ये ते नाहीत, एकच तेलकट सरक आहे. माशी मागच्या खाचेत बसवली, चाप दाबला, आणि ज्या टोकदार फटक्याची मी वाट पाहत होतो तो आलाच नाही. आली ती एक दणदणीत ढकल, हात कपाळाच्या उंचीपर्यंत गेला, आणि समोर बांधावरची माती उसळून खाली बसली तेव्हा आपण बार केला याची ओळख पटली. मग पूर्ण भरती. तिचे वर्णन करणे अवघड आहे. आवाज कानांपेक्षा छातीला कळतो, मूठ तळहातात वरच्या बाजूस फिरते, आणि कोपर ताठ धरले असेल तर धक्का खांद्यात जाऊन बसतो. कोपर किंचित मोकळे ठेवून हत्याराला वर जाऊ द्यावे, त्याच्याशी झटू नये, ही सूचना मला आधीच मिळाली होती.

बिस्लीची मूठ का घेतात ते येथे कळते. १८७३ च्या कोल्टची मूठ नांगराच्या मुठीच्या वळणाची. ती जड भरतीत तळहातात घसरते आणि चापाच्या कड्याची मागची बाजू मधल्या बोटाच्या पेरावर आपटते. इंग्लंडातल्या बिस्ली येथील नेमबाजीच्या मैदानावरून जिचे नाव पडले, ती मूठ उभट आणि मागे उंच. ती बोटाला वाचवते. पेर वाचले, पण अंगठा आणि तर्जनी यांमधली कातडी सायंकाळपर्यंत लाल राहिली. पूर्ण भरतीचे पाच-दहा बार झाले की जाणते लोक थांबतात; थकलेला हात चापाच्या आधीच दचकू लागतो, आणि एकदा लागलेली दचकण्याची सवय मोडता मोडत नाही. ज्यांनी या हत्यारांनी शिकार केली त्यांचाही सराव निम्म्याहून अधिक हलक्या भरतीवर झालेला असतो.

आता या साऱ्या खटाटोपाला एक अवघड प्रश्न विचारलाच पाहिजे. स्मिथ अँड वेसनने २००३ मध्ये .५०० मॅग्नम काढले. पाच घरांचे, कारखान्यात बनलेले, दुकानात गेले की मिळणारे, आणि बळात लाइनबॉ यांच्या काडतुसांहून वरचढ. त्याआधी रुगरनेही खास पोलाद वापरून .४५४ चे सहा घरांचे चक्र बनवून दाखवले होते. मग वर्षानुवर्षे कारागिराच्या दारात थांबावयाचे कशाला? याचे उत्तर मला कमरपट्ट्यात सापडले. सव्वाआठ इंचांहून लांब नळीचे ते स्मिथ सुमारे दोन किलो भरते. ते कमरेला लावून दिवसभर डोंगर चढणारा माणूस मी पाहिला नाही, ते बहुधा खांद्यावरच्या पट्ट्याने छातीवर बांधतात आणि तेवढ्याच वजनात थोडे अधिक घालून रायफल का घेऊ नये असा प्रश्न पडतो. स्नेह्यांचे रिव्हॉल्व्हर सव्वा-दीड किलोच्या आसपास. ते कोटाखाली राहते आणि जेवतानाही काढावे लागत नाही. कारखान्याने बळ वाढवण्यासाठी पोलाद वाढवले; कारागिराने आहे त्याच सांगाड्यात एक घर कमी करून, भिंती जाड करून, फटी आवळून पुरेसे बळ बसवले. लाइनबॉ २०२३ च्या मार्चमध्ये निवर्तले, बोवेन यांच्याही हातचे काम आता जुन्या मालातच शोधावे लागते. पण पाच घरांची ही रीत आता अनेक लहान कारखान्यांत रुजली आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या कोणा मराठी वाचकाला या वाटेने जावेसे वाटले तर माझा सल्ला साधा आहे. व्हिसाचे कलम आधी वकिलाकडून तपासून घ्या. मग .५०० किंवा .४७५ च्या मागे न लागता पाच घरांचे .४५ कोल्ट शोधा, बिस्लीच्या मुठीचे, साडेपाच इंच नळीचे, ज्याच्यासोबत पूर्वीच्या मालकाची भरतीची वही मिळेल असे. सौम्य भरतीत ते दिवसभर चालवता येते, जड भरतीत हरणालाच काय, एल्कलाही पुरून उरते, आणि पितळ कोठेही मिळते. .४७५ हे ज्याच्या रानात ग्रिझली आहे त्याने घ्यावे.